उझबेकिस्तान: घुमटांबरोबर कारागिरांनाही वेळ देणारा प्रवास कसा आखावा

उझबेकिस्तानच्या सहलींच्या जाहिराती आपल्याकडे आता बऱ्याच दिसतात. बहुतेकांचा साचा एकच असतो: पाच रात्री, ताश्कंद आणि समरकंद, जमलं तर बुखारा, मध्ये चिमगानच्या डोंगरात एक चक्कर आणि रोज संध्याकाळी भारतीय जेवण. अशा सहलीहून परतलेल्या माणसाकडे निळ्या घुमटांचे फोटो भरपूर असतात. पण रेशीम बांधून रंगवणारा, मातीच्या ताटावर डाळिंब काढणारा, भल्या पहाटे तंदूरमधून नान काढणारा माणूस त्याला भेटलेलाच नसतो. या देशाची खरी श्रीमंती मला त्या माणसांच्या हातात दिसते. त्यांची कला संग्रहालयातल्या काचेमागे गेलेली नाही, तो त्यांचा रोजचा धंदा आहे. त्यामुळे ती बघायची असेल तर कामाच्या वेळी, कामाच्या वारी तिथे असावं लागतं. पुढची सगळी आखणी याच हिशेबानं केली आहे.

आधी महिना आणि दिवस ठरवा

एप्रिल ते मेचा मध्य, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबर. जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चाळीस दिवसांचा कडक उन्हाळा असतो. त्याला तिथे ‘चिल्ला’ म्हणतात. पारा चाळिशीच्या वर जातो आणि बुखारा-खिव्यात तर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीतच जायचं असेल तर पहिला पंधरवडा गाठा. हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो. गर्दी नसते, पण दिवस लहान असतो आणि खेड्यांतली बरीच कामं मंदावलेली असतात.

२१ मार्चच्या नवरोजला गेलात तर ‘सुमालक’ बघायला मिळेल. मोड आलेल्या गव्हाचा रस आणि पीठ मोठ्या कढईत रात्रभर ढवळत हे गोड शिजवतात. गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं ढवळतात, गातात. तळाला लागू नये म्हणून कढईत छोटे दगड टाकलेले असतात, आणि ज्याच्या वाटीत दगड येईल त्यानं मनात इच्छा धरायची. साखर अजिबात घालत नाहीत, गोडी सगळी गव्हाची. मात्र त्या दिवसांत पाऊस आणि गारठा धरून चाला.

बारा दिवस मिळाले तर उत्तम: ताश्कंद दोन रात्री, फरगाना खोरं दोन, समरकंद तीन, बुखारा तीन, खिवा एक आणि परत ताश्कंदला एक. आठच दिवस असतील तर मी खिवा सोडेन, फरगाना सोडणार नाही. बहुतेक एजंट याच्या नेमकं उलट सांगतील, कारण खिवा फोटोत देखणं दिसतं आणि फरगान्यात ‘बघण्यासारखं’ काही नाही असा समज आहे. बघण्यासारखं तिथेच आहे, फक्त ते इमारतींत नाही.

व्हिसा, विमान आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. उझबेकिस्तान सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज भरायचा, पासपोर्टचं पान आणि फोटो चढवायचा आणि एकेरी प्रवेशाचे २० डॉलर कार्डानं भरायचे. साधारण तीन कामाच्या दिवसांत व्हिसा ईमेलवर येतो. तरी दोन-तीन आठवडे हातात ठेवा आणि अर्ज भरण्याआधी त्या दिवशीचे नियम वाचा. अधिकृत संकेतस्थळासारखी दिसणारी, जास्त पैसे घेणारी दलालांची पानं बरीच आहेत, त्यामुळे पत्ता नीट तपासा. व्हिशाची एक छापील प्रत जवळ असू द्या.

दिल्लीहून ताश्कंद थेट विमानानं तीन-चार तासांवर आहे. या मार्गावरच्या फेऱ्या हवाई हद्दीच्या बंधनांमुळे अधूनमधून बदलतात किंवा थांबतात. म्हणून आधी विमानाची तारीख पक्की करा, मग बाकीचं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असतं.

चलन सोम. एका डॉलरला साधारण बारा हजार सोम मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी आकडे बघून गोंधळ होतो. शंभर डॉलर बदलले की लखपती व्हाल. डॉलर कोरे, न दुमडलेले, नव्या छपाईचे न्या. फाटकी किंवा शिक्का मारलेली नोट बँक सरळ परत करते. शहरांत कार्ड चालतं, पण बाजारात, कारागिराकडे आणि शेअर टॅक्सीत रोखच लागते.

हॉटेल तुमची नोंदणी करतं आणि चिठ्ठी देतं किंवा ऑनलाइन नोंद करतं. ती झाली आहे ना, हे प्रत्येक ठिकाणी विचारा. कुणाच्या घरी राहणार असाल तर त्या घरमालकानं नोंदणी करणं आवश्यक आहे.

औषधांची काळजी घ्या. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि काही झोपेच्या गोळ्यांवर तिथे कडक निर्बंध आहेत. लागतच असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी मूळ पाकिटासह ठेवा आणि सीमाशुल्काच्या अर्जात लिहा. ड्रोन घरीच ठेवा.

रेल्वेची तिकिटं: उशीर केला की सगळी आखणी कोसळते

‘अफ्रोसियाब’ ही जलदगती गाडी २०११ पासून ताश्कंद-समरकंद धावते आणि दोन तासांच्या थोडं वर वेळ घेते. पुढे बुखाऱ्यापर्यंत जाते. हंगामात तिची तिकिटं उघडल्याबरोबर संपतात. रेल्वेच्या संकेतस्थळावर आरक्षण कधी उघडतं ते बघा आणि त्याच दिवशी काढा. नाही मिळालं तर ‘शर्क’ गाडी आहे, थोडी सावकाश पण आरामाची. पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे.

ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन मोठी स्थानकं आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत. तिकिटावर कुठलं स्थानक आहे ते आदल्या रात्री वाचून ठेवा. स्थानकात शिरताना सामान आणि पासपोर्ट तपासतात, म्हणून पाऊण तास आधी पोचा. शहरात फिरायला यांडेक्सचं टॅक्सी अ‍ॅप विमानतळावरच उतरवून घ्या. सिमकार्ड पासपोर्ट दाखवून तिथेच मिळतं. भाडं आधी दिसतं, घासाघीस वाचते.

ताश्कंद: पहिले दोन दिवस

ताश्कंद पहिल्या नजरेत जुनं वाटत नाही, कारण २६ एप्रिल १९६६ च्या भूकंपात जुन्या शहराचा मोठा भाग गेला आणि सोव्हिएत काळात रुंद रस्त्यांचं नवं शहर उभं राहिलं. त्या नव्या शहराचा सगळ्यात सुंदर भाग जमिनीखाली आहे. मेट्रो १९७७ साली सुरू झाली. पूर्वी तिथे फोटोला बंदी होती, २०१८ पासून ती उठली. अलिशेर नवोई स्थानकाचे घुमट आणि कॉस्मोनॉवतलार स्थानकावरच्या अंतराळवीरांच्या निळ्या चकत्या बघायला एक दुपार पुरते.

भारतीय माणसाला ताश्कंद हे नाव एका वेगळ्या कारणानं पाठ असतं. १० जानेवारी १९६६ ला इथे भारत-पाकिस्तान करार झाला आणि त्याच रात्री, ११ तारीख उजाडताना, लालबहादूर शास्त्रींचं निधन झालं. तेव्हा संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण त्या वाटाघाटींसाठी त्यांच्याबरोबर ताश्कंदला होते. शास्त्रींच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा अर्धपुतळा शहरात आहे. टॅक्सीवाल्याला ‘शास्त्री’ म्हटलं तरी कळतं. पाच मिनिटं तिथे उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

सकाळ चोर्सू बाजारासाठी राखा. मोठ्या निळ्या घुमटाखाली मांस आणि दुग्धजन्य पदार्थ, बाहेर मसाले, सुकामेवा आणि भाज्या. मागच्या बाजूला नानवाल्यांच्या भट्ट्या आहेत, तिकडे नक्की जा. कणकेचा गोळा मधोमध दाबून त्यावर ‘चेकिच’ नावाच्या खिळ्यांच्या शिक्क्यानं नक्षी ठोकतात. कडा फुगते, मध्यभाग सपाट राहतो. मग भट्टीवाला अर्धा वाकून, गोल उशीसारख्या साधनानं नान तंदूरच्या भिंतीला चिकटवतो. विनंती केली तर शिक्का तुमच्या हातात देतात.

फरगाना खोरं: इथे घाई करू नका

ताश्कंदहून मार्गिलानची गाडी साधारण पाच तासांत पोचते आणि वाटेत २०१६ साली सुरू झालेल्या १९ किलोमीटरच्या कामचिक बोगद्यातून जाते. डोंगरातून रस्त्यानंही जाता येतं. शेअर टॅक्सी जलद असते, पण चालक फार वेगात हाकतात, त्यामुळे मी रेल्वेच सुचवेन.

वार जुळवून घ्या. मार्गिलानजवळचा कुमतेपा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो, आणि रेशमाच्या कार्यशाळा कामाच्या दिवशीच चालू दिसतात. म्हणून बुधवारी पोचून गुरुवारी सकाळी बाजार आणि दुपारी कार्यशाळा, शुक्रवारी कुंभारांचं गाव रिश्तान, हा बेत सगळ्यात चांगला. कुमतेप्यात पर्यटकांसाठी काही नसतं आणि तीच त्याची गंमत आहे. गावातल्या बायका लग्नाच्या बस्त्यासाठी रेशमी अतलसाचे तुकडे निवडत असतात. विणकर स्वतःचा माल खांद्यावर टाकून उभे असतात.

मार्गिलानच्या ‘योदगोर्लिक’ कारखान्यात काम क्रमानं दाखवतात. कोश गरम पाण्यात टाकतात, टोक सापडलं की अनेक कोशांचे तंतू एकत्र ओढून धागा होतो. एका कोशातून एक किलोमीटरच्या आसपास तंतू निघतो. पुढचा टप्पा मी तासभर बघत बसू शकतो. ताणलेल्या उभ्या धाग्यांवर नक्षीकार काडीनं खुणा करत जातो. कागद नाही, साचा नाही. ज्या भागाला रंग लागू नये तो भाग दुसरा कारागीर धाग्यानं घट्ट बांधतो. मग रंग, मग काही गाठी सोडायच्या, काही नव्या बांधायच्या, पुन्हा रंग. आधी पिवळा, मग लाल आणि शेवटी निळा, असा जुना क्रम. नक्षी विणण्याआधीच धाग्यावर तयार असते. मागावर गेल्यावर धागे केसभर सरकतात आणि रंगांच्या कडा ढगासारख्या विरघळतात. पोचमपल्ली किंवा पाटणचा पटोला बघितलेल्या माणसाला तंत्र लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की पटोल्यात उभे-आडवे दोन्ही धागे बांधतात, इथे फक्त उभे.

खरेदीआधी दोन नावं लक्षात ठेवा. ‘अतलस’ म्हणजे पूर्ण रेशीम, चकाकणारं. ‘अद्रास’ म्हणजे उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुती, जरा जाड आणि टिकाऊ. हातमागाचा पन्हा अरुंद असतो, साधारण हातभर. तुम्हाला दीड मीटर रुंद, अतिशय स्वस्त कापड दाखवलं तर ते यंत्रावर छापलेलं आहे. शंका आली तर कडेचा एक धागा मागून घेऊन जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरगळते. प्रामाणिक विक्रेता याला हरकत घेत नाही. मार्गिलानच्या हस्तकला केंद्रानं अतलस-अद्रास विणण्याची पद्धत टिकवण्यासाठी जे काम केलं त्याची युनेस्कोनं २०१७ साली दखल घेतली. तिथल्या तरुण विणकरांकडून घेतलेल्या कापडाचे पैसे थेट त्यांना पोचतात.

रिश्तान मार्गिलानहून तासाभरावर आहे. इथल्या मातीत फारसं काही मिसळावं लागत नाही, असं कुंभार अभिमानानं सांगतात. ‘इश्कोर’ नावाची झिलई वाळवंटी झुडपांच्या राखेपासून करतात आणि रिश्तानचा तो खोल निळा-हिरवा रंग तिच्यातूनच येतो. ताटावर डाळिंब, सुरी, मिरची, सुरई अशी नक्षी असते. डाळिंब भरल्या घरासाठी, सुरी आणि मिरची दृष्ट लागू नये म्हणून. कुंभारांची घरं म्हणजेच कार्यशाळा. दार वाजवलं की चहा येतो. इश्कोरचं ताट कारखान्यातल्या झिलईपेक्षा महाग असतं आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं असू शकतं. तो दोष समजू नका. घेतलेलं ताट कपड्यांत गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा.

वेळ असेल तर कोकंदचा खुदायार खानाचा राजवाडा आणि अंदिजानही होतं. अंदिजान बाबराचं जन्मगाव, जन्म १४८३ चा. हिंदुस्थानात राज्य मिळवल्यावरही खरबूज कापताना गावच्या आठवणीनं रडू आलं, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. ऑगस्ट-सप्टेंबरात इथलं खरबूज खाल्लंत की त्या ओळीवर विश्वास बसतो.

समरकंद: क्रम बदला

सगळे जण सकाळी दहाला रेगिस्तान चौकात असतात. तुम्ही सकाळी सात-आठला शाही-झिंदाला जा. उंच पायऱ्या चढून गेलं की दोन्ही बाजूंना समाध्या आणि इतक्या जवळ फरशा की हात लावता येईल. हे तीर्थस्थान आहे, लोक दुआ मागायला येतात. आवाज कमी ठेवा, बायकांनी डोक्यावर ओढणी घ्यावी. पायऱ्या चढताना आणि उतरताना मोजायच्या आणि आकडा जुळला तर माणूस निष्पाप, अशी तिथली समजूत आहे. शाळेची मुलं मोठ्यानं मोजत जातात.

तिथून उलुगबेगची वेधशाळा जवळ आहे. तैमूरच्या या नातवाला राज्यापेक्षा आकाशात रस होता. १४३७ साली पूर्ण झालेल्या त्याच्या तक्त्यांत हजाराहून जास्त ताऱ्यांची स्थानं आहेत, आणि तीन शतकांनी जयपूरच्या सवाई जयसिंगानं आपल्या वेधशाळांचं काम त्याच परंपरेला धरून केलं. वरची इमारत गेली. १९०८ साली उत्खननात सापडलेला, वेध घेण्याच्या दगडी चापाचा जमिनीखालचा भाग बघायला मिळतो. जंतरमंतर बघितलेल्यांनी इथे अर्धा तास जास्त ठेवावा.

बिबी-खानिम मशीद आणि तैमूरची कबर गुर-ए-अमीर बघताना एक गोष्ट डोक्यात असू द्या. आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘तैमूरलंग’ म्हणजे १३९८ ची दिल्लीची कत्तल. तिथे तो अमीर तेमूर आहे, राष्ट्रपुरुष आहे, त्याचे पुतळे आहेत. बिबी-खानिम मशीद दिल्लीहून परतल्यावर लगेच, १३९९ मध्ये बांधायला घेतली. दगड ओढायला हिंदुस्थानातून नेलेले हत्ती होते आणि पाथरवटही नेले होते. म्हणजे ती भव्यता उभी करणाऱ्या हातांत आपलेही हात होते, बळजबरीनं नेलेले. मार्गदर्शकाशी वाद घालू नका, पण हे विसरूनही जाऊ नका. ‘लंग’ हा शब्द मात्र तिथे उच्चारू नये, तो अपमान समजतात.

रेगिस्तानला संध्याकाळी जा. उलुगबेगचा मदरसा १४२० चा, समोरचा शेर-दोर आणि मधला तिल्ला-कारी सतराव्या शतकातले. तिल्ला-कारीच्या आतलं सोनेरी छत चुकवू नका. विद्यार्थ्यांच्या जुन्या खोल्यांत आता दुकानं आहेत. त्यांतली काही चांगली आहेत, पण इथे भाव चढे असतात.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या कोनीगिल गावात जा. ओढ्यावर पाणचक्की आहे आणि तिच्या जोरावर लाकडी मुसळं तुतीच्या सालीचा लगदा कुटतात. साल सोलायची, भिजवायची, उकळायची, कुटायची, चाळणीवर ताव उचलायचा, दाबून वाळवायचा आणि शेवटी गुळगुळीत दगडानं किंवा शिंपल्यानं घोटायचा. घोटलेल्या तावावर शाई पसरत नाही. तुम्हाला स्वतः ताव उचलू देतात. समरकंदच्या कागदाची ही जुनी पद्धत मोडली होती, ती अलीकडच्या दशकांत पुन्हा उभी केली आहे.

बुखारा: पायी फिरायचं गाव

मुक्काम जुन्या शहरातच, लाबी-हौज या जुन्या हौदाच्या आसपास घ्या. जुन्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांची छोटी हॉटेलं झाली आहेत. मध्ये चौक, भोवती खोल्या, भिंतीत कोरलेले कोनाडे. एका मुक्कामात घर कसं होतं ते कळतं.

कलोन मिनार ११२७ चा, नुसत्या विटांचा. चंगीझखानानं १२२० मध्ये शहर जाळलं, मिनार मात्र राखला. खालून वर बघत जा: विटांच्या पट्ट्यांत एकीची नक्षी दुसरीत नाही. सामानी या जुन्या राजघराण्याची कबर त्याहूनही जुनी, सुमारे हजार-अकराशे वर्षांची, आणि या देशातली माझी सगळ्यात आवडती इमारत. कुठेही रंग नाही, फरशी नाही. फक्त वीट आडवी, उभी, तिरकी लावून टोपलीच्या विणीसारखी भिंत केली आहे. सकाळी एकदा आणि दुपारी चारनंतर एकदा जा, सावल्या बदलल्या की भिंत बदलते.

लाबी-हौजसारखे कितीतरी हौद पूर्वी शहरात होते. पिण्याचं पाणी तेच, हातपाय धुणंही तिथेच, त्यामुळे नारूचा रोग घराघरांत होता. आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरींनी जे केलं तेच इथे हौदांनी केलं. १९३० च्या सुमारास बहुतेक हौद कोरडे करून, पाणीपुरवठा बदलून तो रोग हटवला. उरलेल्या हौदाकाठी तुतीच्या झाडाखाली बसून चहा पिताना हे ठाऊक असलेलं बरं.

व्यापाराच्या घुमटबंद चौकांत, म्हणजे ‘तोकी’त, सुझनी बघा. सुझनी म्हणजे मुलीच्या रुखवतासाठी भरलेलं मोठं कापड. पद्धत अशी: कापडाच्या अरुंद पट्ट्या शिवून एकत्र करायच्या, त्यावर नक्षी काढायची, मग उसवून आई, मावशी, बहिणींना एकेक पट्टी वाटायची. प्रत्येकीचा टाका वेगळा, रंगाची छटा वेगळी, त्यामुळे पुन्हा जोडल्यावर फुलाच्या दोन अर्ध्यांत थोडा फरक राहतो. तोच हाताच्या कामाचा पुरावा. एखादी पाकळी मुद्दाम अपुरीही ठेवतात. कापड उलटं करा: मागे धाग्यांच्या गाठी आणि कमी-जास्त टाके दिसले तर हातकाम, सगळीकडे एकसारखी दाट जाळी दिसली तर यंत्र. लोहारांच्या दुकानात करकोच्याच्या आकाराची कात्री मिळते, पण ती चेक-इनच्या सामानात टाका.

खिवा

बुखाऱ्याहून रेल्वेनं सहा-सात तास, दोन्ही बाजूंना किझिलकुमचं वाळवंट. तटबंदीच्या आत, इचान-कालामध्ये रात्र काढा. संध्याकाळी पर्यटकांच्या बसेस गेल्यावर गल्ल्या रिकाम्या होतात. जुमा मशिदीतले दोनशेहून जास्त कोरीव लाकडी खांब बघा, काही खांब हजार वर्षांकडे झुकलेले आहेत. सुतारांच्या दुकानात ‘लौह’ मागा: एकाच फळीतून कोरलेली, बिजागरीशिवाय अनेक घड्या पडणारी पुस्तकाची घोडी. हा ख्वारेझमचा प्रदेश, गणिती अल-ख्वारिझ्मीचा आणि भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल-बिरुनीचा. परत येताना उर्गेंचहून ताश्कंदचं विमान घ्या. जास्तीचे दोन दिवस असतील तर नुकूसचं साविट्स्की कलासंग्रहालय आणि अरल समुद्र आटल्यावर वाळूत उभी राहिलेली मुयनाकची जहाजं. कापसासाठी नद्या वळवल्याची ती किंमत.

जेवण, आणि शाकाहारी माणसाचं काय

पालोव, म्हणजे तिथला पुलाव, ही नुसती डिश नाही, बारशापासून मयतापर्यंत प्रत्येक प्रसंगाला लागणारं अन्न आहे. युनेस्कोनं २०१६ साली पालोवच्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. जाड बिडाच्या ‘कझान’मध्ये तेल किंवा मेंढीच्या शेपटीची चरबी तापते, मांस, कांदा, मग हातानं उभे चिरलेले पिवळे गाजर, जिरं, अख्खा लसूण. त्यावर तांदूळ. फरगान्यात लालसर ‘देवझिरा’ तांदूळ आणि सगळं एकत्र ढवळलेलं. समरकंदला थर मोडत नाहीत, खाली भात, वर गाजर, त्यावर मांस. पालोव दुपारचं जेवण आहे. बारा-साडेबाराला जा, दोननंतर कझान रिकामी.

शाकाहारी वाचकांना स्पष्ट सांगतो: मांस बाजूला काढून पालोव खाता येत नाही, भात त्याच रसात शिजलेला असतो. ‘मोशकिचिरी’ मुगाची खिचडीच, पण तिच्यातही मांस असतं. मागताना ‘गोश्तसिझ’ म्हणा, रशियनमध्ये ‘बेझ म्यासा’, आणि सूपबद्दल वेगळं विचारा, कारण मांसाच्या पाण्याला बरेच जण मांस धरत नाहीत. मिळतं काय? लाल भोपळ्याचा सोम्सा, म्हणजे भाजलेला समोसा, वसंतात पालेभाजीचा सोम्सा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर ‘अचिचुक’, गरम नान, ‘कातिक’ म्हणजे दही, ‘सुझमा’ म्हणजे चक्का, ‘कायमाक’ म्हणजे दाट साय. खिव्यात बडीशेपेच्या कुळातल्या शेपूनं हिरव्या केलेल्या शेवया, ‘शिवित ओशी’, बिनमांसाच्या करून देतात. अंडं चालत असेल तर ‘तुखुम-बराक’, म्हणजे कणकेच्या पारीत अंडं भरून उकडलेला पदार्थ. फळांना तर तोड नाही. ताश्कंद आणि समरकंदला भारतीय खानावळी आहेत, समरकंदला वैद्यकीय शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थी बरेच आहेत म्हणून. फरगान्यासाठी मात्र मेतकूट, चटणी, लाडू बरोबर असू द्या. पाणी बाटलीचंच प्या.

घरी बोलावलं तर

बोलावतीलच, विशेषतः खोऱ्यात. भारतातून आलात कळलं की राज कपूरचं नाव निघतं. रिकाम्या हातानं जाऊ नका, मिठाई किंवा फळं न्या. चपला दाराशी. भेटताना उजवा हात छातीवर ठेवून ‘अस्सलामु अलैकुम’. बाईनं हात पुढे केला तरच हस्तांदोलन करा. दारापासून सगळ्यात लांबची जागा मानाची, ती पाहुण्याला देतात, नको म्हणत बसू नका.

यजमान चहा पहिल्यांदा पेल्यात ओततो आणि परत किटलीत टाकतो, असं तीनदा. मग तुमची ‘पियाला’ अर्धीच भरतो. अर्धी म्हणजे कंजुषी समजू नका: वारंवार भरायला मिळावी, तुम्ही बसावं, हा त्यातला मान. काठोकाठ भरून देणं उलट वाईट दिसतं. नान सुरीनं कापत नाहीत, घरातलं वडीलधारं माणूस हातानं तोडून वाटतं. नान पालथं ठेवायचं नाही, जमिनीवर टाकायचं नाही. मुलगा लांबच्या प्रवासाला किंवा सैन्यात निघाला की तो नानचा एक घास तोडतो आणि उरलेलं नान तो परत येईपर्यंत घरात जपून ठेवतात. जेवण झालं की सगळे ओंजळ धरून चेहऱ्यावरून हात फिरवतात. तुम्हीही फिरवा.

पुरुषांना वयानुसार ‘अका’, बायकांना ‘ओपा’ म्हणा आणि ‘रहमत’ सतत वापरा. फोटोआधी विचारा. म्हाताऱ्या बायका नकार देतात असं वाटतं, पण पुष्कळदा त्या आधी ओढणी सारखी करत असतात.

परतताना

५० वर्षांहून जुन्या वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. जुनी सुझनी किंवा गालिचा घ्यायचा मोह झाला तर विक्रेत्याकडून संस्कृती खात्याचं प्रमाणपत्र आधी मागा. ‘विमानतळावर काही विचारत नाहीत’ या शब्दावर पैसे देऊ नका. नव्या वस्तूंच्याही पावत्या ठेवा, विशेषतः जुनाट दिसावं म्हणून चहात बुडवलेल्या सुझनीच्या. खरबूज सामानात टाकू नका, समरकंदचं नान मात्र आणा. ते दाट असतं, आठवडाभर सहज टिकतं आणि थोडं पाणी शिंपडून तव्यावर गरम केलं की मऊ होतं. उरलेले सोम ताश्कंदच्या विमानतळावरच बदलून घ्या, आपल्याकडे ते कुणी घेत नाही.